योडा योद्धा नाही, पण क्लिंगॉनांना 'ष' येतो: विज्ञानपटांतलं खरं-खोटं संस्कृत

अर्धा कप (धागाकर्ता)

मागच्या रविवारी भाच्याबरोबर 'स्टार वॉर्स'मधला १९९९चा 'द फँटम मेनेस' पुन्हा पाहिला. शेवटची ती रंगीत प्रकाशदांड्यांची मारामारी सुरू झाली, मागे कोरस दणाणू लागला, आणि भाचा म्हणाला, "मामा, योडा म्हणजे योद्धा, माहितीये ना? सगळं आपल्याकडूनच उचललंय." (योडा म्हणजे त्या मालिकेतला बुटका हिरवा गुरू.) त्याला हे व्हॉट्सॲपवर आलं होतं. गंमत म्हणजे तो हे बोलत असताना कानावर जे आदळत होतं ते खरोखर संस्कृत होतं. त्याचं सोडा, वीस-बावीस वर्षं ते माझ्याही कानाला कळलं नव्हतं.

त्या कोरसची, म्हणजे 'ड्युएल ऑफ द फेट्स'ची, गोष्ट अशी. संगीतकार जॉन विल्यम्सला कोरससाठी शब्द हवे होते. त्याने एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळी घेतल्या, रॉबर्ट ग्रेव्हजच्या इंग्रजी भाषांतरातून. अर्थ साधारण असा की जिभेच्या मुळाशी एक घनघोर लढाई चालू आहे आणि दुसरी डोक्यात, मागल्या बाजूला. मग या ओळी वेगवेगळ्या भाषांत करून घेतल्या आणि त्यांतून संस्कृत निवडलं, का तर त्यातले स्वर गायला भरदार. त्यानंतर शब्द सुटे केले आणि चालीत बसतील तसे पुन्हा जोडले. 'कोरा, माता, कोरा, राता-मा' असं जे काही ऐकू येतं ते हेच. अर्थ लावायला जाऊ नका, माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. वेल्शचं इंग्रजी, इंग्रजीचं संस्कृत, संस्कृतचा चिवडा, आणि तो गाणार लंडनचे गायक!

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला पडद्यावर संस्कृत ऐकू येतं ते बहुतेकदा जिथे नसतं तिथे. जिथे असतं तिथून आपण खुशाल मक्याच्या लाह्या खात पुढे जातो.

योडाचंच घ्या. 'योद्धा'शी त्याचं नातं निव्वळ आवाजाचं. १९८०च्या भागात नायक ल्यूक योडाच्या दलदलीत उतरतो आणि सांगतो की मी एका थोर योद्ध्याच्या शोधात आलोय. त्यावर हाच योडा म्हणतो की लढाईने कोणी थोर होत नाही. नाव योद्धा आणि पहिल्याच भेटीत हे? हिब्रूवाले त्याला त्यांच्या 'योदेआ'शी, म्हणजे 'जाणणारा'शी जोडतात. त्यांच्याकडेही व्हॉट्सॲप असणारच.

उलट त्याच मालिकेतल्या राणीचं 'पद्मे' हे नाव ऐकून 'ओं मणिपद्मे हुं' आठवलं नाही असा माणूस विरळा. आणखी एक 'शाक टी' नावाची जेडाय, म्हणजे प्रकाशदांडीवाल्या पंथातली, बाई आहे. ती शक्ती, की भाजीचा चहा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाकी त्या मालिकेतल्या 'परग्रही' भाषा बेन बर्ट या ध्वनिरचनाकाराने पृथ्वीवरच्या बोलींवरूनच बेतल्या. 'हट्ट' नावाच्या परग्रही लोकांच्या बोलण्यामागे दक्षिण अमेरिकेतली केचुआ, इवॉक या अस्वलबाळांच्या मागे मंगोल कुळातली काल्मिक, 'जावा' नावाच्या बुटक्या प्राण्यांच्या कलकलाटामागे आफ्रिकेतली झुलू. संस्कृतचा तिथे पत्ता नाही.

आणखी कुठे खरं, कुठे खोटं? भर घाला.


खारे दाणे

जागा धरून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.


व्याकरणाचा तास

'पद्म'ची सप्तमी 'पद्मे', म्हणजे कमळात. आणि 'पद्मा' या स्त्रीच्या नावाचं संबोधन 'हे पद्मे', जसं 'हे रमे'. त्यामुळे तिचा नवरा अनाकिन तिला हाक मारतो तेव्हा शंभर टक्के शुद्ध. पण तिच्या माघारी लोक तिच्याबद्दल बोलतात तेव्हाही 'पद्मे' म्हणतात, तिथे 'पद्मा' हवं. म्हणजे अख्ख्या आकाशगंगेत धड संस्कृत बोलणारा एकच, आणि तोच पुढे खलनायक डार्थ व्हेडर होतो. बघा बुवा.

अवांतर: जिभेच्या मुळाशी लढाई हे वाचून हसू आलं. विसर्गापुढे क किंवा ख आला की त्याचा जो घासून उच्चार होतो त्याला 'जिव्हामूलीय'च म्हणतात. 'दुःख' नीट म्हणून बघा. आमच्या पाठांतराच्या वर्गात ही लढाई रोज व्हायची आणि रोज हरायचो.


नेत्रावती

धागा छान, पण एवढं झटकून टाकू नका हो. लेखक म्हणाला नाही म्हणून प्रभाव नाही, असं कसं? आणि 'अवतार' या चित्रपटाचं काय? तिथे तर दिग्दर्शक कॅमेरॉनने मुलाखतीत स्पष्ट सांगितलंय की हिंदू देव देह धारण करतात त्यावरून हा शब्द घेतला.


अर्धा कप

नेत्रावतीताई, 'अवतार' कबूलच. पण तो कॅमेरॉनपर्यंत सरळ पुराणातून आला नाही, मधे संगणकाचा मुक्काम आहे. १९८०च्या दशकात लूकसफिल्मच्याच 'हॅबिटॅट' या ऑनलाइन खेळात पडद्यावरच्या आपल्या बाहुल्याला 'अवतार' म्हणायला सुरुवात झाली होती. त्याच सुमाराला 'अल्टिमा'च्या चौथ्या खेळाच्या नावातही तो शब्द आला. २००९पर्यंत तो इंग्रजीत चांगला मुरला होता.


नेत्रावती

मुरला असेल. पण मग शब्द तरी नीट वापरायचा. अव + तॄ, म्हणजे खाली उतरणे. चित्रपटाचा नायक जेक काही उतरत नाही. पेटीत आडवा होतो आणि मन दुसऱ्या शरीरात जातं, मूळ देह इकडे पडून. याला आपल्याकडे वेगळा, नेमका शब्द आहे: परकायाप्रवेश. शंकराचार्य राजा अमरूच्या देहात शिरले आणि शिष्य इकडे त्यांचा देह राखत बसले, ती कथा काढून बघा. देह सांभाळणारी माणसंसुद्धा तशीच आहेत चित्रपटात!

अर्थात 'परकायाप्रवेश' हे नाव पोस्टरवर मावलं नसतं.


खारे दाणे

आमच्या घरी 'अवतार' हा शब्द फक्त आई वापरते. "काय हा अवतार! जा, आधी केस विंचर."


बर्फातला बाळू

टोरांटोहून हजेरी. खऱ्या ठिकाणांच्या यादीत माझी एक भर, आणि ती मला फार आवडते.

'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन हे परग्रहवासी पहिल्यांदा त्यांच्या भाषेत बोलले ते १९७९च्या चित्रपटात. त्या वेळचे मोजके शब्द जेम्स डूहान या नटाने रचले होते. (याच चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा डोकं भादरून इलिया झाली.) पुढे १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञाने पूर्ण भाषा बांधली. त्याला ती माणसांची वाटायला नको होती, म्हणून त्याने मुद्दाम वर्ण तिरके निवडले. साधा 'त' ठेवला, पण त्याच्या जोडीला 'द' न ठेवता जीभ मागे वळवून 'ड' ठेवला. 'स' ठेवलाच नाही. त्याच्या जागी मूर्धन्य 'ष'. अवकाशयान म्हणजे 'डुज', अन्न म्हणजे 'षोज'.

अमेरिकन नटांची या 'ड'वर बोबडी वळते. आपल्याला काहीच करावं लागत नाही. 'ष'चं म्हणाल तर आपणच 'विषय'ला 'विशय' म्हणतो. आपल्या तोंडातून गेलेला ष क्लिंगॉनांनी सांभाळून ठेवलाय.

हे संस्कृतवरून घेतलं असं नाही, ओक्रांडचा अभ्यास अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचा. पण जिथे कोणी कॉलर ताठ करत नाही, तिथे आपल्या वर्णमालेचा अख्खा मूर्धन्य वर्ग ओळखीचा भेटतो.


व्याकरणाचा तास

अख्खा वर्ग नाही, दोन वर्ण. ट, ठ, ढ, ण कुठे आहेत?


बर्फातला बाळू

बरं गुरुजी. दोन वर्ण.


ठाम मत

संस्कृत ही सर्व भाषांची जननी आहे हे सिद्ध झालेलं आहे. नासासुद्धा संगणकासाठी संस्कृत वापरते. तुम्ही लोक पाश्चात्त्यांच्या चष्म्यातून बघता म्हणून तुम्हाला प्रत्येक ठिकाणी 'योगायोग' दिसतो.


खारे दाणे

आला. शंभरी नक्की.


उपधा

@ठाम मत, नासाचं मूळ सांगतो. १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियतकालिकात आला. विषय असा होता की नैयायिक (न्यायशास्त्राचे पंडित) आणि वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीने उलगडून लिहितात (क्रिया कोणती, कर्ता कोण, कर्म कोणतं, असं सुटं सुटं करून), ती पद्धत संगणकात ज्ञान मांडण्याच्या त्या वेळच्या पद्धतींशी जुळते. लेख वाचनीय आहे. ब्रिग्ज तेव्हा नासाच्या एका केंद्रात होता, बस. तिथून 'नासा संस्कृत वापरते'पर्यंतचा प्रवास आपल्याकडचा.

जननीबद्दल बोलायचं तर त्याचं उत्तर एका विज्ञानपटातच आहे. रिडली स्कॉटचा २०१२चा 'प्रोमिथिअस'. डेव्हिड नावाचा यंत्रमानव प्रवासात एकटाच जागा असतो आणि वेळ घालवायला भाषा शिकतो. तो एक गोष्ट घोकतो, मेंढी आणि घोड्यांची. ती गोष्ट आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने १८६८ साली लिहिली, कोणीच बोलत नसलेल्या एका भाषेत: संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी या सगळ्यांची जी एक हरवलेली पूर्वज भाषा, तिच्यात. त्याची मूळ सुरुवात देवनागरीत अशी:

अविस् अक्वासस् क. अविस्, यस्मिन् वर्णा न आ अस्त, ददर्क अक्वम्स्...

वाचा पुन्हा. अविः अश्वाः च. जिच्यावर ऊर्णा, म्हणजे लोकर नव्हती, अशा मेंढीने अश्व पाहिले. 'ददर्क' म्हणजे 'ददर्श'. पुढे एक घोडा जड गाडी वाहतोय ('गरुम् वघन्तम्'), दुसरा 'भारम् मघम्', तिसरा माणसाला वेगाने नेतोय, 'मनुम् आकु भरन्तम्'. अकरावीला संस्कृत घेतलेल्या कुणालाही निम्मं कळेल. श्लायखरला वाटत होतं की संस्कृत त्या मूळ भाषेच्या सगळ्यात जवळ, म्हणून त्याची मूळ भाषा जवळजवळ संस्कृतच दिसते. म्हणजे @ठाम मत, तुमच्या बाजूचा माणूस होता तो.

पण तो त्याच वर्षी वारला, आणि पुढच्या दहाएक वर्षांत गाडी उलटली. निमित्त एका क्षुल्लक अक्षराचं: 'च'. 'आणि' या अर्थाने संस्कृतात 'च', लॅटिनमध्ये 'क्वे', ग्रीकमध्ये 'ते'. 'पाच'चंही तसंच: पञ्च, क्विंक्वे, पेन्ते. आता क-सारख्या वर्णाचा 'च' होतो तो पुढे ए-इ असे स्वर असले की. 'अ'पुढे व्हायचं कारण नाही. म्हणजे संस्कृत 'च'मध्येसुद्धा पूर्वी ऱ्हस्व 'ए' होता. त्याने 'क'ला 'च' केलं आणि मग स्वतः 'अ' होऊन गेला. गुन्हेगार पळाला, पण पायाचा ठसा राहिला. मूळचे स्वर ग्रीक-लॅटिनने राखले, संस्कृतने त्यांचं एकच 'अ' केलं. तेव्हा संस्कृत आई नव्हे, थोरली बहीण म्हणा हवं तर. दागिने बरेचसे तिच्याकडेच राहिले.

चित्रपटात श्लायखरचं जुनं रूप नाही. लंडनचे भाषाभ्यासक अनिल बिल्टू यांनी नव्या संशोधनाप्रमाणे ती भाषा बसवली, आणि पडद्यावर डेव्हिडला शिकवणारे शिक्षकही तेच. शेवटी डेव्हिड त्या महाकाय 'इंजिनिअर'शी याच भाषेत बोलतो. उत्तरादाखल तो त्याचं मुंडकं उपटतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला मौखिक परीक्षेत साधारण असंच वाटतं.


नेत्रावती

उपधा, दंडवत. 'च'चा किस्सा वाचनखुणेत टाकला.


बर्फातला बाळू

भर: २००१च्या डिस्नेच्या 'अटलांटिस'ची भाषाही ओक्रांडचीच, आणि तिचे धातू त्याने याच मूळ भाषेवरून घेतले. तिथे काही ओळखीचं वाटलं तर संस्कृतवरून नव्हे, आजीवरून.


ठाम मत

बहीण असली तरी थोरली म्हणालात, तेवढं पुरे. पण 'मॅट्रिक्स'चं कोणी बोलत नाहीये. तिथे तर उघड उघड उपनिषद आहे.


उपधा

यावर मात्र पूर्ण सहमत! २००३चा 'मॅट्रिक्स रेव्होल्युशन्स', पावसातली नायक निओ आणि खलनायक स्मिथची शेवटची मारामारी. संगीतकार डॉन डेव्हिसच्या त्या कोरसमध्ये बृहदारण्यकातलं 'असतो मा सद्गमय' आहे, आणि कठोपनिषदातलं 'यदा पञ्चावतिष्ठन्ते ज्ञानानि मनसा सह'ही. पाच ज्ञानेंद्रियं मनासकट शांत होतात आणि बुद्धीही हलत नाही, तीच परम गती. पुढच्या काही मिनिटांत निओ हातपाय हलवायचं थांबवतो आणि स्मिथला स्वतःला गिळू देतो. इथे संस्कृत नुसतं भरदार स्वरांसाठी नाही, पटकथेला जोडलेलं आहे. श्रेयनामावलीवर वाजतं ते 'नवरस'. विल्यम्सचा चिवडा आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून ऐका.

त्यात स्टेशनवर भेटणारं कुटुंबही आहे: रामा-कांड्रा, कमला आणि मुलगी सती. बाप चंद्राचा 'कांड्रा' झालाय, पण बोलतो चांगलं. निओ कर्मावर विश्वास ठेवतोस का विचारतो, तर तो म्हणतो की कर्म हा एक शब्द आहे, मी जे करायला इथे आहे ते सांगणारा. गीतेवरची मोठमोठी व्याख्यानं ऐकलीत, इतकं आटोपशीर कोणी सांगितलं नाही.


तळ्यात मळ्यात

आपल्याकडचे चित्रपट राहिले की. 'कोई मिल गया' (२००३). शास्त्रज्ञ बाप अंतराळात 'ॐ'चे संदेश पाठवतो, ते ऐकून परग्रहवासी येतात. आणि हाकेला ओ देऊन आलेल्याचं नाव काय ठेवतात? जादू. फारसी शब्द!


व्याकरणाचा तास

थांबा, हे तर फारच छान आहे. फारसी 'जादू' हा जुन्या इराणी 'यातु'पासून आलेला, तोच अवेस्तातही सापडतो. आणि ऋग्वेदात 'यातु' म्हणजे करणी-चेटूक, ते करणारे 'यातुधान'. मराठीत 'यातुविद्या' अजून आहे. म्हणजे तो निळा प्राणी नकळत वैदिक नाव घेऊन हिंडत होता, फक्त इराणमार्गे आला होता.


अर्धा कप

हेच, हेच म्हणत होतो! 'ॐ' सगळ्यांना ऐकू आला, 'जादू' कुणालाच नाही.


तळ्यात मळ्यात

'रा.वन' (२०११) म्हणजे रावण आणि 'जी.वन' म्हणजे जीवन हे कोटीपुरतं ठीक. मला आवडला तो 'कार्गो' (२०१९). यान 'पुष्पक', त्यावर राक्षसांची सरकारी नोकरी, मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी रवाना करायचं. नायकाचं नाव प्रहस्थ. रामायणात प्रहस्त रावणाचा सेनापती. इथे तो एकलकोंडा कारकून झालाय, रोज तेच फॉर्म. अगदी आमच्या ऑफिसातला वाटतो.

आणि 'कल्की २८९८'मधला आकडा उगाच नाही. परंपरेने कलियुगाची सुरुवात इसवी सनपूर्व ३१०२. त्यात २८९८ मिळवा, बरोबर ६०००.


व्याकरणाचा तास

५९९९. इसवी सनात शून्य वर्ष नसतं.


तळ्यात मळ्यात

एक वर्ष अश्वत्थाम्याच्या खात्यात टाका. त्याला काय फरक पडतो?


बर्फातला बाळू

'अवतार'मधल्या निळ्या लोकांच्या 'नावी' भाषेवर कोणी आलंच नाही. नावावरून 'नाविक' वगैरे काढू नका. (आमच्या थिएटरात मागच्या रांगेतून "न्हावी?" असं आलं होतं.) पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाने ती बांधली. हा माणूस मलेशियात शिकवत होता, इराणमध्ये राहिला होता, फारसी जाणतो. त्याने शब्द 'ङ'ने सुरू केले. बालवाडीच्या तक्त्यात ज्याच्यापुढे कधी चित्र नसतं, तो बिचारा ङ! 'तू' म्हणजे 'ङा'. ते प्रसिद्ध वाक्य, 'मी तुला पाहतो', असं: 'ओएल ङाती कामेइए'.

आता याची फोड बघा. 'ओए' म्हणजे मी, त्याला 'ल' लागला की 'मी'ने काहीतरी केलं. 'ङा'ला 'ती' लागलं की 'तुला'. आणि नुसतं पडणं-झोपणं असेल तर कर्त्याला काहीच लागत नाही. इंग्रजी माणसाला हे अचाट वाटतं. आपण रोज करतो: तो पडला, त्याने ढकललं, त्याला ढकललं. तीन जागा, तीन रूपं. आपल्याकडे ते भूतकाळापुरतं, त्यांच्याकडे कायम.


नेत्रावती

घरी म्हणून पाहिलं, "ओएल ङाती कामेइए." उत्तर आलं, "सर्दी झालीये का? काढा करू?"


खारे दाणे

एक शंका. योडाची ती उलटी वाक्यं म्हणे संस्कृतसारखी मुक्त पदक्रमाची. मग मराठीत डब केला तर तो कसा बोलेल?


व्याकरणाचा तास

संस्कृतात पदक्रम मोकळा, पण सर्वसाधारण क्रम आपल्यासारखाच, क्रियापद शेवटी. योडा कर्म आधी आणतो, मग कर्ता-क्रियापद. इंग्रजीत ते विचित्र वाटतं. मराठीत कसं करणार? "जेवलास का तू?", "पाहिलाय मी तो." हे तर आपण असंच बोलतो. योडाला मराठीत तिरकं बोलणं अवघड आहे.


तळ्यात मळ्यात

प्रयत्न करतो. "थोर कोणाला करत नाही लढाई, बाळा."


खारे दाणे

हे तर कीर्तनकार बोलतायत असं वाटतं.


कोकणकडा

मालवणीत घे. "मोठो करणा नाय कोणाक लढाई, झिला."

आता सांग, ह्यात उलट्या काय आसा? माझो आजो असोच बोलता.